सोलापूर मेळाव्याची निवासव्यवस्था : प्रकल्प नोंदी

९ ऑक्टोबर २०२५

जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारे) आणि ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आपल्या ऑनलाइन गटाचा पहिला प्रत्यक्ष मेळावा सोलापुरात घ्यायचे नक्की झाले असून, गावात राहणारा सभासद या नात्याने निवासाची व्यवस्था माझ्याकडे आली आहे. सोलापूर निवडण्यामागे माझ्या आग्रहापेक्षा रेल्वेचा वाटा मोठा आहे. मुंबई–चेन्नई मुख्य मार्गावर हे स्थानक असल्यामुळे मुंबई, पुणे, कलबुर्गी आणि हैदराबादहून थेट गाड्या आहेत आणि शेजारच्या होटगी जंक्शनवरून विजयपूर–गदगकडे फाटा फुटत असल्याने कर्नाटकातील सभासदांचीही सोय होते. मुंबईकरांना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सोयीची आहे, पुणेकरांना संध्याकाळची हुतात्मा. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी वंदे भारतही आहे, परंतु तिचे भाडे पाहता बहुतेक जण सिद्धेश्वरच पसंत करतील.

येणारे ३८ जण आहेत. कार्यक्रम शनिवार–रविवार असा दोन दिवसांचा असला तरी हुतात्माने येणारे पुणेकर आणि हैदराबादकडची मंडळी शुक्रवारी रात्रीच उतरणार असल्याने शुक्रवारी २२ आणि शनिवारी ३८, म्हणजे एकूण ६० झोपण्याच्या जागा लागतील. रविवारी रात्री परतीची गाडी असणाऱ्यांना त्या रात्री खोली नको आहे, पण सामान ठेवायला आणि हातपाय धुवायला जागा हवी आहे. ही बारीकसारीक गरज आताच लिहून ठेवतो, कारण सकाळी खोली सोडण्याचा नियम असलेल्या ठिकाणी हीच एका जादा दिवसाच्या भाड्याला कारणीभूत ठरते.

खर्चाची मर्यादा निवास आणि बैठकीची जागा मिळून दरडोई १,५०० रुपये ठरली आहे. गटात सात विद्यार्थी आहेत आणि निवृत्त मंडळीही बरीच आहेत, तेव्हा ही मर्यादा ताणायची नाही.

१४ ऑक्टोबर २०२५

जागा शोधण्याआधी तारीख शोधावी लागेल, हे पंचांग आणि रेल्वेचे वेळापत्रक शेजारी ठेवून बसल्यावर स्पष्ट झाले. सोलापूर स्वतः पर्यटनाचे शहर म्हणून फारसे ओळखले जात नसले तरी अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर ७० ते ७५ किलोमीटरवर असल्याने आणि गाणगापूरला जाणारेही येथेच गाडी बदलत असल्याने, येथील लॉजचे भाडे शहराच्या नव्हे तर या चार क्षेत्रांच्या तिथींवर चढते आणि उतरते. गेल्याच आठवड्यात कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागली होती. त्या दिवसांत स्थानकाजवळ खोली मागणे म्हणजे दिवाळीत शिंप्याकडे कापड घेऊन जाण्यासारखे आहे.

नोव्हेंबरचा आरंभ कार्तिकी एकादशीमुळे (२ नोव्हेंबर) बाद होतो. त्यानंतर तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि मंगल कार्यालये हाताला लागत नाहीत. मार्गशीर्षात सोलापूरलगतच्या बाळे गावच्या खंडोबाची यात्रा असते आणि ४ डिसेंबरला दत्तजयंती आहे, म्हणजे अक्कलकोट आणि गाणगापूर या दोन्हींकडे झुंबड उडणार. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांमुळे मुंबईच्या गाड्या भरलेल्या असतील. २५ डिसेंबरपासून वर्षअखेरपर्यंत नाताळच्या सुट्टीतली कुटुंबे अक्कलकोट–तुळजापूर–पंढरपूर अशी फेरी करतात. ३ जानेवारीला शाकंभरी पौर्णिमा असल्यामुळे त्याआधीचा आठवडा तुळजापूरचा, आणि त्यापुढे तर आमची स्वतःची गड्डा यात्राच आहे : मकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराचे नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे आणि दुकाने लागतात, आणि त्या काळात सोलापूरकराच्या घरी पाहुणे इतके असतात की लॉज तर सोडाच, गच्चीसुद्धा मोकळी नसते. २६ जानेवारी सोमवारी येत असल्याने तो जोडून आलेला शनिवार–रविवारही तीर्थयात्रेकरूंनी भरणार.

या सगळ्यातून एकच फट राहते, ती म्हणजे २० आणि २१ डिसेंबर. अमावास्या १९ तारखेला सुरू होऊन २० तारखेच्या सकाळी संपते आणि २१ पासून पौष लागतो. पौषात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत, शिवाय या वर्षी शुक्राचा अस्तही त्याच सुमारास असल्यामुळे मंगल कार्यालये रिकामी असतील. मुहूर्त नसलेल्या दिवशी कार्यालयाचा मालक भाड्याबाबत निराळ्या सुरात बोलतो, हे घरातल्या दोन लग्नांच्या अनुभवावरून सांगू शकतो. नाताळची गर्दी सुरू व्हायला आणखी तीन–चार दिवस आहेत. हवा कोरडी आणि सुखद असते, पंखा नसला तरी चालते.

तारीख लगेच कळवणे भाग आहे. गेल्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा १९ डिसेंबरच्या सिद्धेश्वरचे आरक्षण २० ऑक्टोबरला म्हणजे ऐन नरकचतुर्दशीला उघडेल आणि २१ च्या परतीचे पाडव्याला. अभ्यंगस्नान उरकून सकाळी आठ वाजता तिकीट काढावे, अशी सूचना सर्वांना आज पाठवली.

३० ऑक्टोबर २०२५

दिवाळी आटोपली, बहुतेकांची तिकिटे निश्चित झाली. आता निवासाचे उपलब्ध प्रकार एकेक तपासून पाहत आहे.

रेल्वे स्थानकावरील विश्रांती कक्ष सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचे आहेत, परंतु ते प्रवासाच्या तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर प्रत्येकाला स्वतंत्रपणे घ्यावे लागतात आणि ३८ जणांची एकत्र सोय तेथे होण्यासारखी नाही. पहाटे उतरणाऱ्या एखाद्याला ते उपयोगी पडतील इतकेच. सार्वजनिक बांधकाम खात्याचे विश्रामगृह स्वच्छ असते, पण एखादा दौरा आला की आपले आरक्षण मागे पडते. इतक्या लोकांची मदार त्यावर ठेवता येणार नाही. महाविद्यालयांची वसतिगृहे मे महिन्यात रिकामी असतात आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो. डिसेंबरात तेथे मुले राहत असतात, हा प्रश्न तिथेच संपतो.

राहता राहिले तीन पर्याय : स्थानक आणि एसटी स्टँडच्या आसपासचे लॉज, क्षेत्राच्या ठिकाणचे भक्तनिवास आणि मंगल कार्यालय.

५ नोव्हेंबर २०२५

लॉजचा हिशेब. दोन माणसांची साधी, वातानुकूलित नसलेली, न्हाणीघर जोडलेली खोली १,२०० रुपयांना मिळते. २२ सप्टेंबरपासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला असल्याने ती १,२६० रुपयांना पडेल. फोनवर विचारले तेव्हा एका ठिकाणी अजून १२ टक्के सांगत होते. नव्या दराची आठवण करून दिल्यावर "बघतो मालक, सीएला विचारून सांगतो" असे उत्तर आले. दर विचारताना तो करासह की करावेगळा, हे प्रत्येक वेळी विचारलेच पाहिजे, नाहीतर दोन जागांची तुलना करण्यात अर्थ राहत नाही.

शुक्रवारी ११ आणि शनिवारी १९ खोल्या, म्हणजे ३० खोल्यांचे ३७,८०० रुपये होतात. परंतु मला परवडणाऱ्या दरातल्या कोणत्याही एका लॉजमध्ये १९ खोल्या एकत्र मिळत नाहीत, म्हणजे माणसे दोन–तीन ठिकाणी विभागली जातील, आणि बैठकीसाठी हॉल वेगळाच घ्यावा लागेल. हॉलचे दोन दिवसांचे १६,००० आणि त्यावर १८ टक्के कर धरता १८,८८०. एकूण ५६,६८० रुपये, दरडोई जवळजवळ १,४९२. मर्यादेत बसते खरे, पण चहाच्या कपाएवढीही जागा शिल्लक राहत नाही, आणि लॉज ते हॉल रिक्षाचा खर्च यात धरलेलाच नाही.

११ नोव्हेंबर २०२५

स्थानक रस्ता, नवी पेठ आणि सात रस्ता परिसरातील काही लॉज आज प्रत्यक्ष पाहिले. संकेतस्थळावरची छायाचित्रे पाहून येथे निर्णय घेता येत नाही, कारण त्या छायाचित्रांत पलंग आणि पडदा असतो, आणि आपल्याला पाहायचे असते ते न्हाणीघर.

एका लॉजमध्ये खोली ठीक होती, गादी घट्ट होती, चादर धुतलेली होती. न्हाणीघरात मात्र गरम पाण्याचा नळ कोरडाच होता. विचारल्यावर मुलाने जिन्याखालच्या एका बंबाकडे बोट दाखवले आणि गरम पाणी सकाळी सहा ते आठ या वेळेत बादलीने वर आणून मिळते, असे सांगितले. तिसऱ्या मजल्यावरच्या दहा जणांना दोन माणसे किती बादल्या वाहून आणणार, हा हिशेब त्याने केलेला नव्हता आणि करायची त्याला गरजही नव्हती, कारण त्याच्याकडे येणारा यात्रेकरू पहाटे चारला उठून दर्शनाला निघून जातो. म्हणजे ती व्यवस्था वाईट नाही, आपल्यासारख्या गटासाठी नाही इतकेच. आपली मंडळी रात्री उशिरापर्यंत सोल्डरिंग करणार आणि सगळी मिळून साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान उठणार.

त्यामुळे येथून पुढे प्रत्येक जागा एकाच कसोटीवर पाहायची ठरवली आहे. सकाळचे दोन तास म्हणजे १२० मिनिटे, माणशी १२ मिनिटे, तेव्हा एका न्हाणीघरात जास्तीत जास्त दहा जण. हे कागदावरचे टोक झाले. प्रत्यक्षात पाच जणांमागे एक न्हाणीघर असेल तरच नाश्ता वेळेवर होईल आणि कोणी कोणाच्या दारावर थापा मारणार नाही. खोलीचे भाडे शंभर रुपयांनी कमी असण्यापेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे.

दुसरी बाब पाण्याची. सोलापूरला उजनीचे पाणी येते, पण नळाला ते रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येते, हे येथे राहणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे आणि बाहेरून येणाऱ्याला माहीत नसते. म्हणून इमारतीखालची टाकी केवढी आहे, बोअर आहे का आणि टँकर कोणाच्या खर्चाने येतो, हे तीन प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावे लागतात. एका ठिकाणी व्यवस्थापकाने "पाण्याची काळजी करू नका" असे म्हटले आणि टाकीचे झाकण उघडून दाखवायला टाळाटाळ केली. त्या लॉजचे नाव मी यादीतून काढले.

१६ नोव्हेंबर २०२५

मुंबईच्या दोन सभासदांनी अक्कलकोटच्या भक्तनिवासाची सूचना केली असून तिच्यावर बरीच चर्चा झाली. दर कमी आहेत, स्वच्छता चांगली असते आणि प्रसादाची सोय असते, हे सारे मान्य आहे. धर्मादाय संस्थेने धार्मिक स्थळाच्या आवारात दिलेल्या, दिवसाला १,००० रुपयांपेक्षा कमी भाड्याच्या खोलीला जीएसटीही लागत नाही.

तरीही माझा याला विरोध आहे आणि त्याची कारणे नोंदवून ठेवतो. भक्तनिवास दर्शनाला येणाऱ्यांसाठी उभे राहिले आहे आणि देणग्यांवर चालते. दर्शनाशी संबंध नसलेल्या गटाने स्वस्त पडते म्हणून वीस खोल्या अडवाव्यात आणि रात्री एखादे कुटुंब मुलाबाळांसह परत जावे, हे योग्य नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे : येण्याजाण्याच्या ८० किलोमीटरसाठी गाडी ठरवली की वाचलेले पैसे तेथेच जातात, आणि वजनदार रेडिओ संच घेऊन येणाऱ्या माणसाला स्थानकावर उतरून पुन्हा दुसरे वाहन धरायला लावणे त्रासाचे आहे. ज्यांना दर्शनाला जायचे आहे त्यांनी सोमवारी सकाळी आवर्जून जावे, एसटी भरपूर आहेत. हे मत सर्वांना पटले असे नाही, पण बहुमताने मंगल कार्यालयाकडे वळायचे ठरले.

२२ नोव्हेंबर २०२५

विजापूर रस्त्याच्या बाजूला, जुळे सोलापुरातील एक कार्यालय आज सविस्तर पाहिले आणि पहिल्यांदाच मनात बसले. तळमजल्यावर जेवणाचा हॉल आणि स्वयंपाकघर, वर मुख्य हॉल, वधूपक्ष आणि वरपक्षासाठी मिळून सात खोल्या. न्हाणीघरे एकूण नऊ, त्यांपैकी चार खोल्यांना जोडलेली आणि पाच मागच्या बाजूला ओळीने. सहा जणांची सोय लॉजमध्ये करून उरलेले ३२ जण येथे ठेवायचे झाल्यास साधारण चार माणसांमागे एक न्हाणीघर पडते.

गच्चीवर सौर बंब आहे, टाकी ३०० लिटरची. प्रत्येकाने अर्धी बादली कढत पाणी घेऊन त्यात थंड मिसळले तर माणशी आठ–नऊ लिटर, म्हणजे ३२ जणांना सुमारे २८० लिटर लागेल. कागदावर पुरते. मात्र टाकीतून खाली येईपर्यंत नळातले आधीचे थंड पाणी वाहून जावे लागते, त्यामुळे शेवटच्या चार–पाच जणांना कोमट पाण्यावर भागवावे लागेल, किंवा खालच्या स्वयंपाकघरातील मोठ्या शेगडीवर एक पातेले ठेवावे लागेल. शेगडी आणि पातेले दोन्ही आहेत. जमिनीखालची टाकी झाकण उघडून पाहिली, बोअरही चालू करून पाहिला. पाणी खारट आहे, आंघोळीला चालेल, पिण्यासाठी जार मागवावे लागतील.

येथून पुढचे काम नेहमीच्या सहलीच्या आयोजकाला करावे लागले नसते. आपले जुने संच २३० व्होल्टवर चालतात आणि त्यांतल्या काहींना ट्रान्सफॉर्मरच नसल्यामुळे त्यांच्या धातूच्या सांगाड्यातच वीज उतरलेली असते. अशा वेळी हॉलमधील अर्थिंग खरे आहे की सॉकेटच्या तिसऱ्या भोकात नुसती हवा आहे, हे पाहिल्याशिवाय तेथे तीस माणसे बसवणे धोक्याचे आहे. कार्यालयाचा नेहमीचा वायरमन बरोबर घेतला होता. त्याने शंभर वॉटचा बल्ब फेज आणि अर्थ यांच्यामध्ये जोडून प्रत्येक सॉकेटवर पाहिले. व्यासपीठाजवळच्या सर्व सॉकेटांवर बल्ब भक्क पेटला. खिडकीकडच्या भिंतीवरच्या दोन ठिकाणी तो नुसता लालसर झाला, म्हणजे तेथले अर्थिंग कच्चे, तेव्हा त्या दोन सॉकेटांवर तेथल्या तेथे चिकटपट्टी लावून घेतली. रोषणाईवाल्यांसाठी व्यासपीठामागे पंधरा अँपिअरचे पॉइंट आहेत, तेथून सिरीज बोर्डांसाठी (जुना संच थेट विजेवर न लावता मध्ये बल्ब जोडून तपासण्याच्या फळ्यांसाठी) जोड घेता येईल. टेबले लाकडी आहेत, ही आणखी एक जमेची बाजू.

मालकांना आमच्या कार्यक्रमाचे स्वरूप समजावून सांगायला वेळ लागला. वराती नाहीत, वाजंत्री नाही, मांडव नाही, नुसते रेडिओ उघडून बसणार, यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाले, "पौषात आम्ही तरी हॉल झाडूनच ठेवणार की. या, पण माझ्या वडिलांचा मर्फी रेडिओ माळ्यावर पडलाय, तेवढा बघाल का?" बघू म्हणून सांगितले आहे. भाड्याच्या बोलणीत याचा किती उपयोग झाला हे सांगता येणार नाही, परंतु शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र दहा या मुदतीसाठी २८,००० रुपयांवर ते आले, कर वेगळा. लग्नसराईत ते एका दिवसाचेच याहून अधिक घेतात.

२३ नोव्हेंबर २०२५

कोल्हापूरच्या ताईंनी रात्री फोन करून काही प्रश्न विचारले आणि ते माझ्या यादीत नव्हते, म्हणून येथे नोंदवतो. महिलांच्या खोल्यांकडे जाणारा मार्ग पुरुषांच्या खोल्यांवरून जातो का? मागच्या न्हाणीघरांना आतून कडी आहे का आणि रात्री तेथे दिवा असतो का? रात्री बाहेरच्या फाटकाला कुलूप कोण लावतो आणि किल्ली कोणाकडे असते?

आज पुन्हा जाऊन पाहिले. पहिल्या मजल्यावरील वधूपक्षाच्या तीन खोल्यांना स्वतंत्र जिना असून त्यांपैकी दोन खोल्यांना न्हाणीघर जोडलेले आहे, तेव्हा सर्व सात महिला सभासदांना त्याच खोल्या द्यायच्या आणि तो जिना इतरांनी वापरायचा नाही. मागच्या दोन न्हाणीघरांच्या कड्या सैल आहेत, त्या बदलून घेण्याचे मालकांनी कबूल केले आहे. फाटकाची एक किल्ली रखवालदाराकडे आणि दुसरी ताईंकडेच राहील.

२७ नोव्हेंबर २०२५

सर्वांनाच हॉलमध्ये गादीवर झोपणे जमणार नाही. सहा जणांची अडचण आहे : गुडघेदुखी, रात्री श्वासाचे यंत्र लावणारे एक काका, आणि अमेरिकेत स्थायिक होऊन तेथील नागरिकत्व घेतलेले एक सभासद. परदेशी पारपत्र असलेल्या पाहुण्याची माहिती उतरल्यापासून २४ तासांच्या आत प्रशासनाला ऑनलाइन कळवावी लागते. हॉटेलवाले ज्याला 'सी फॉर्म' म्हणतात तो हाच. मंगल कार्यालयाच्या मालकांना ही पद्धत ठाऊक नाही आणि आपल्या निमित्ताने त्यांना शिकवत बसण्यापेक्षा रोजच्या सवयीचे लॉज बरे. म्हणून सात रस्त्याजवळच्या, लिफ्ट असलेल्या लॉजमध्ये शुक्रवारी दोन आणि शनिवारी तीन खोल्या घेतल्या. पाच खोल्यांचे ६,३०० रुपये.

कार्यालयाचा हिशेब असा : भाडे १८ टक्के करासह ३३,०४०, वीज मीटरच्या नोंदीप्रमाणे (अंदाजे २,५०० धरले आहेत), साफसफाई २,०००, एक टँकर १,५००, आणि मंडपवाल्याकडून ३२ गाद्या–उशा–चादरी दोन रात्रींसाठी प्रत्येकी ८० रुपयांप्रमाणे २,५६०. एकूण ४१,६००. लॉज धरून ४७,९००, दरडोई सुमारे १,२६०.

लॉजमध्ये राहणाऱ्यांनी जादा पैसे द्यावेत का, यावर मतभेद झाले. माझ्या मते आजारपण किंवा कागदपत्रांची अडचण ही काही चैन नव्हे, आणि ज्यांच्यामुळे आपण व्हॉल्व्ह तपासायला शिकलो त्या माणसांकडून पलंगाचे वेगळे पैसे घेणे मला बरे वाटत नाही. तेव्हा सर्व खर्च एकत्र करून सात विद्यार्थ्यांकडून ६०० आणि उरलेल्या ३१ जणांकडून १,४१० रुपये घ्यायचे ठरले. ही रक्कमही मर्यादेच्या आतच आहे.

मालकांशी झालेला करार एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या : आगाऊ रक्कम ८,०००, उरलेली रविवारी संध्याकाळी, मीटरची नोंद येताना आणि जाताना दोघांसमक्ष, वीज गेल्यास जनरेटरचे डिझेल आपले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, रेडिओ हळू आवाजात. पावती कार्यालयाच्या नावाची आणि जीएसटी क्रमांकासह मिळाली. करावेगळ्या रोख व्यवहाराची सूचनाही झाली होती, ती नाकारली. वर्गणी अडतीस जणांची आहे आणि हिशेब सर्वांपुढे ठेवायचा आहे.

ओळखपत्रांच्या प्रती सर्वांकडून मागवल्या आहेत. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली, संकेतस्थळावरून उतरवता येणारी प्रत द्यावी, असे कळवले आहे.

३ डिसेंबर २०२५

मंडपवाल्याच्या गाद्या पाहून आलो. गाद्या चांगल्या आहेत. चादरी पातळ आहेत, आणि डिसेंबरात पहाटे तीननंतर येथे चांगलाच गारठा पडतो. रग भाड्याने घ्यायचे तर आणखी खर्च. त्याऐवजी एक सूचना गटापुढे ठेवली आणि ती लगेच उचलली गेली : ज्यांना हवी त्यांनी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या दुकानातून घाऊक दराने सोलापुरी चादर विकत घ्यावी, दोन रात्री पांघरावी आणि घरी घेऊन जावी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण तिच्या नावाने दुसरीकडचा मालही खपतो, म्हणून खरेदी मी स्वतः करतो आहे. यंत्रमागावरची जेकार्ड चादर उलटी करून पाहिली तर नक्षी मागच्या बाजूला रंग बदलून तशीच उमटलेली दिसते. छापील मालाची मागची बाजू फिकट असते. तेवढे पाहिले की पुरे. वीस चादरींची मागणी आली आहे. हा खर्च ज्याचा त्याचा, वर्गणीत नाही.

शुक्रवारी रात्री दहानंतर पोहोचणाऱ्यांच्या जेवणाचा प्रश्न होता. त्या वेळी स्वयंपाकी थांबवून ठेवायचा तर त्याचे वेगळे पैसे द्यावे लागतात. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही आणि कांदा असा बेत ठरवला आहे. कडक भाकरी आठवडाभर टिकते, त्यामुळे गाडीला उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

८ डिसेंबर २०२५

खोल्यांची वाटणी पूर्ण झाली. घोरणाऱ्यांनी आपणहून नावे द्यावीत, असे आवाहन केले होते. त्याला एकाच सभासदाने प्रतिसाद दिला, उरलेल्यांची नावे त्यांच्या मित्रांकडून कळली. त्यांची सोय तळमजल्यावरील जेवणाच्या हॉलमध्ये केली आहे.

वर्गणी तीन जणांची बाकी आहे. स्थानकापासून कार्यालयापर्यंत चार–चार जणांनी मिळून रिक्षा करावी आणि भाडे बसण्याआधी ठरवावे. वजनदार संच आणणाऱ्या सहा जणांसाठी शनिवारी सकाळी सिद्धेश्वरच्या वेळेला एक छोटा टेम्पो ठरवला आहे. न्हाणीघराच्या कड्या आज बदलून झाल्या, मी स्वतः लावून–काढून पाहिल्या. खिडकीकडची दोन सॉकेटे अजून तशीच आहेत. वायरमन सोमवारी १५ तारखेला येणार आहे, तो आला नाही तर ती बाजू टेबलांविना ठेवायची.

मालकांनी मर्फी माळ्यावरून काढून पुसून ठेवला आहे. मागचे झाकण उघडून पाहिले : व्हॉल्व्ह जागेवर आहेत, डायलची दोरी तुटलेली आहे, आणि लाउडस्पीकरच्या कागदाला उंदराने वरून कुरतडले आहे. पुण्याच्या काकांना येताना डायलची दोरी आणि सहा इंची स्पीकर आणायला सांगितले.